एकशे साठपैकी किती?

शिक्का मारायची काही एक गरज नव्हती. नियमपुस्तिकेत शिक्क्याचा उल्लेख नव्हता, वाशीमच्या ऑफिसातल्या उज्ज्वला मॅडमनी सांगितलं नव्हतं, आणि संस्थेनं तर निकिताला साधी टाचणीसुद्धा दिली नव्हती. पण निकिताचं एम.एस्सी. प्राणिशास्त्रात झालेलं. दोन वर्षं तिनं तलावातले मासे मोजले होते, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत, आणि प्रत्येक माशाखाली तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान लिहिलं होतं. नोंद म्हटली की ती पक्की हवी. म्हणून तिनं तालुक्याच्या गावी, मालेगावला जाऊन एक रबरी शिक्का करून आणला. ‘क्षेत्र निरीक्षक (तात्पुरती)’. कंसातलं तात्पुरतीसुद्धा तिनंच घालायला लावलं, कारण खरं होतं ते.

पुढचं सगळं त्या शिक्क्यामुळे घडलं, असं निकिताचं मत आहे. तिच्या आईचं, म्हणजे पंचफुलाबाईंचं मत असं की मासेच मोजत राहिली असती तर बरं झालं असतं. मासे घरी येत नाहीत.

काम तसं सोपं होतं. वाशीमच्या एका संस्थेला जिल्ह्यातल्या तरुणांची सामाजिक क्षमता मोजायची होती. म्हणजे पोरं चारचौघांत बोलतात का, भांडण झालं तर मिटवतात का, मनात नसलं तर नाही म्हणू शकतात का, हे सगळं. त्यासाठी चाळीस विधानांचा एक फॉर्म होता. प्रत्येक विधानाला चार उत्तरं: अजिबात खरं नाही, थोडं खरं, बरंचसं खरं, पूर्ण खरं. त्यांना एक ते चार गुण, एकूण एकशे साठ. मुलींचे फॉर्म दुसऱ्या तालुक्यात भरून झाले होते. उरलेले पन्नास मुलांचे, वय अठरा ते अठ्ठावीस, मेडशीच्या निकिताकडे आले.

अट एकच. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत पन्नास वैध फॉर्म जमा झाले तर निकिता संस्थेत कायम. नाही झाले तर मामांचं मालेगावचं कृषी सेवा केंद्र. मामांना काउंटरवर घरचं माणूस हवं होतं, आणि त्यांचं म्हणणंही तर्काला धरून होतं. “एमेस्सी वाया नाही जात वो पोरी. फवाऱ्याच्या बाटल्यांवर बी सारं इंग्रजीच असते.” त्या दुकानातल्या औषधांचा वास निकिताच्या नाकात नुसत्या आठवणीनं यायचा आणि तिला बसल्या जागी बसवेनासं व्हायचं.

पहिला फॉर्म शेजारच्या शिवमचा. ललिताबाईंचा हा थोरला, वय चोवीस, ट्रॅक्टर चालवायचा, स्वभावानं अगदी गरीब. निकिता त्यांच्या ओट्यावर बसली, पेन काढलं आणि पहिलं विधान वाचलं. “अनोळखी माणसाशी बोलायला मला अवघड जात नाही.”

“पूर्ण खरं,” ललिताबाई आतून म्हणाल्या.

“काकू, शिवमनं सांगायचं आहे.”

“त्याले काय इचारतं वो माय? नऊ महिने मी वागवलं त्याले. लिहून टाक.”

“कायचं पूर्ण खरं?” समोरच्या ओट्यावरून ललिताबाईंचे दीर म्हणाले. “परवा कंडक्टर तिकीट इचारत होता तं हा खिडकीबाहेर पाहून राह्यला होता. थोडं खरं लिही.”

“तुमी आपल्या पोराचं पाहा भावजी!”

आता हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही, पण मेडशीत फॉर्म हा एकट्यानं भरायचा प्रकारच नाही. पीकविम्याचा असो, शिष्यवृत्तीचा असो की रेशनकार्डात नाव चढवायचा, तो ओट्यावर भरला जातो. एक जण वाचतो, दुसरा पेन धरतो, तिसऱ्याला सगळ्यांच्या जन्मतारखा पाठ असतात, आणि चौथा मागच्या वर्षी कोणाचा फॉर्म काहून परत आला ते सांगतो. ज्याचा फॉर्म असतो तो बहुधा चहा आणायला गेलेला असतो. तसंच झालं. सातव्या विधानापर्यंत ओट्यावर अकरा माणसं जमली. चाळिसाव्यापर्यंत शिवमची सामाजिक क्षमता एकशे एक्कावन्न भरली. शिवम तेव्हा कपबशा विसळत होता.

नियम नऊ म्हणत होता की सहभागी व्यक्तीला आपले गुण जाणून घ्यायचा हक्क आहे. निकितानं एका चिठ्ठीवर १५१/१६० लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि शिक्का मारला.

घरी येऊन तिनं नियम चार पुन्हा वाचला. ‘फॉर्म एकांतात भरून घ्यावा.’ एकांत या शब्दाखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली आणि दुसऱ्या दिवसापासून ती एकांत शोधायला निघाली.

शाळा रविवारी मोकळी असते म्हणून ती शाळेत गेली. किल्ली शिपायाकडे, शिपाई किन्हीराजाला लग्नात. तो आला तेव्हा किल्लीसोबत लग्नातली चार माणसंही आली, कारण एवढ्या घाईनं बोलावलं म्हणजे काहीतरी वाटप असणार. मग तिनं एका पोराला शेतात बाभळीखाली बसवलं. शेजारच्या वावरात बाया विळ्यानं हरभरा सोंगत होत्या. पोरगा “बरंचसं खरं” म्हणाला की तिकडून हशा यायचा. शेवटी तिनं एस.टी.चा प्रयोग केला. एवढ्या खडखडाटात कोणाला काय ऐकू येणार, असा तिचा हिशेब होता. प्रयोगशाळेत तो बरोबर ठरला असता. बाराव्या विधानापर्यंत गाडीत दोन पक्ष पडले, खिडकीकडचे आणि मधल्या वाटेकडचे. ‘मला राग आवरता येतो’ हे विधान वाचल्यावर ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, याच्यात माझं बी लिहा.”

एकांत सापडला तो माळ्यांवर. हरभऱ्याला रोही, म्हणजे नीलगायी, लागतात म्हणून पोरं वावरात उंच माळे बांधून राखणीला बसतात. तिथं चढायची तसदी कोणी घेत नाही. निकितानं घेतली. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा राजपाल हा पहिला. त्यानं रोह्यांवर नजर ठेवून चाळीस विधानांना चाळीस खरी उत्तरं दिली आणि चौऱ्याहत्तर गुण मिळवले. असे नऊ माळ्यांवर नऊ फॉर्म झाले. दहाव्याला निकिता निघाली तेव्हा हरभरा सोंगून झाला होता. माळे रिकामे, पोरं गावात, आणि गावात एकांत नाही.

तोवर शिवमच्या चिठ्ठीला पाय फुटले होते.

मेडशीत शिक्का असलेला कागद कोणी खिशात ठेवत नाही, लॅमिनेट करतात. ललिताबाईंनी चिठ्ठी लॅमिनेट केली, आणि तिचा मजकूर शिवमच्या बायोडाट्यात टाकला. ‘शिक्षण: बारावी. व्यवसाय: शेती व ट्रॅक्टर. सामाजिक क्षमता: १५१/१६० (निरीक्षकांच्या सहीशिक्क्यासह).’ गावातल्या पोरांची लग्नं जमेनाशी झाली त्याला बरीच वर्षं झाली. मुलीकडचे नोकरीचं विचारतात, पोराकडचे ट्रॅक्टरचं सांगतात, आणि चहा थंड होतो. अशा काळात शिवमला रिसोडकडच्या मुलीवाल्यांनी आठ दिवसांत स्वतःहून फोन केला. स्वतःहून! गावानं दोन अधिक दोन केलं. शिवमजवळ नवीन काय होतं? शिक्का होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिताच्या दारात रांग. प्रत्येक पोरासोबत एक आई आणि आईच्या हातात पिशवी. पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स आणि सातबारा.

“काकू, सातबारा कशाला?”

“असू दे वो. मांगून मांगतात अन् मंग धावाधाव होते.”

चौतीस वर्षांचा फुलचंदही आला. वयोमर्यादा अठ्ठावीसची आहे हे निकितानं त्याला पुस्तिका उघडून दाखवलं. त्यानं ते शांतपणे वाचलं आणि म्हणाला, “ताई, युवक कोनाले म्हंतात? ज्याचं लगन नाही झालं तो युवक. मी तं लय जुना युवक हाय.” त्याच्या म्हणण्यातली चूक निकिताला दाखवता आली असती, पण तेवढ्यात राजपालचे वडील सेवादास काठी आपटत आत आले.

“माह्या पोराले नापास काहून केलं?”

“काका, यात पास-नापास नसतं.”

“तुह्या शेजारच्याले एकशे एक्कावन्न, अन् याले चौऱ्याहत्तर? दहावीत बी याले यापेक्षा जास्त होते! रीचेकिंगचा फॉर्म दे.”

“रीचेकिंग नाही यात.”

“मंग तोंडी परीक्षा घे. पोरगं लिहिण्यात कच्चं हाय.”

तोंडीच घेतली होती, हे निकितानं सांगितलं, तर सेवादास आणखी भडकले. तोंडीत नापास व्हायला पोरगं काय मुकं आहे?

मग बसस्टँडवरच्या छपाईवाल्यानं नमुना उत्तरं छापली. दोन पानी, मुखपृष्ठावर कमळ. आत चाळीसही विधानांपुढे एकच उत्तर: पूर्ण खरं. ते पाठ करायला एवढा कागद काहून लागतो हे त्यालाच ठाऊक, पण पत्रिका हातोहात संपली.

सोळा तारखेला निकितानं गोळाबेरीज केली. एकशे बारा फॉर्म. पण फॉर्म करणाऱ्या शहाण्या माणसांनी त्यात दोन सापळे ठेवलेले असतात. तेरावं विधान, ‘मला आयुष्यात कधीही राग आलेला नाही.’ एकतिसावं, ‘मी कोणाबद्दल कधीही वाईट बोललेलो नाही.’ दोन्ही पूर्ण खरं म्हटलं की फॉर्म बाद, कारण असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मेडशी परिसरात तो एकशे तीन वेळा जन्माला आला होता. त्यातल्या दोघांची तर निकितासमोरच, आधी कोण बसणार यावरून, हाणामारी झाली होती.

वैध फॉर्म नऊ. माळ्यांवरचे.

तिनं उज्ज्वला मॅडमना फोन लावला. त्या वाशीमच्या कार्यालयात प्रकल्पाच्या प्रमुख.

“मॅडम, एकांत मिळत नाही.”

“मग मिळव,” मॅडम म्हणाल्या.

काचेच्या केबिनमध्ये बसून एकांत मिळव म्हणणं सोपं असतं. निकिता अंगणात येरझारा घालू लागली. विहिरीपासून फाटकापर्यंत चौदा पावलं, परत चौदा. बारा दिवस, एक्केचाळीस फॉर्म. मामांचा फोन येऊन गेला होता. काउंटरला नवीन काच बसवलीय म्हणे.

त्याच दिवशी साडेचार वाजता तिला पाहायला पाहुणे आले.

ते येणार हे शालिग्रामभाऊंना, म्हणजे तिच्या वडिलांना, ठाऊक होतं. मध्यस्थी केलेल्या ललिताबाईंना ठाऊक होतं. पोहे भिजवलेल्या पंचफुलाबाईंना ठाऊक होतं. फक्त निकिताला सांगायचं राहिलं होतं. अनसिंगचं स्थळ. मुलगा किशन, बी.ए., घरची शेती. सोबत आई, वडील आणि बोलायला त्याचे मामा. मामांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून बायोडाटा काढला आणि त्यावर एक चिठ्ठी हळूच सरकवली.

“हे पाहा. तुमच्याच इकडच्या निरीक्षक मॅडमचं.”

निकितानं चिठ्ठी घेतली. १६३/१६०. खाली तिची सही, तिच्या सहीपेक्षा बरीच सुबक. शिक्का मात्र थोडा वेगळा. ‘क्षेत्र निरीक्षक’, बस. छपाईवाल्यानं कंस काढून तिला कायम करून टाकलं होतं.

“ती निरीक्षक मीच आहे,” निकिता म्हणाली. “आणि ही सही माझी नाही.”

मामांनी पोह्यांचा चमचा तोंडाशी नेला होता, तो परत बशीत ठेवला.

“आणि एकशे साठपैकी एकशे त्रेसष्ट पडूच कसे शकतात?”

“हुशार पोराले पडतात,” मामा म्हणाले. पण आवाज जरा बसला होता.

“तीन जास्तच हायेत न,” शालिग्रामभाऊ सांभाळून घ्यायला गेले. “कमी तं नाहीत?”

“बाबा, प्रश्न कमी-जास्तीचा नाही!”

“हे पोरीनं पाहुण्यासमोर बोलायचं काम हाय काय?” किशनची आई म्हणाली. “पोरीले बी मोजा एकदा!” पंचफुलाबाई पदर खोचून पुढं झाल्या. किशन पोह्यांतली मिरची बाजूला काढत होता. ती निघाल्यावर त्यानं दुसरी शोधली.

या क्षणी ललिताबाई नसत्या तर अनसिंग आणि मेडशीचे संबंध कायमचे बिघडले असते. त्या टाळी वाजवून उठल्या. “जाऊ द्या वो! कागदाचं काय घेऊन बसले? पोरापोरीले दहा मिनिटं बोलू द्या. आजकाल तेच पाहतात.”

आणि मग निकितानं एक अद्भुत गोष्ट पाहिली. आजकालच्या या रिवाजाला सगळं घर मान देऊन उठलं. मागच्या खोलीतून धान्याच्या पोत्यांवर बसलेली दोन लेकरं बाहेर काढली गेली. निकिताची आत्या बाहेर आली. खिडकी बाहेरून लावली गेली. किशनला आत घातलं, निकिताला आत घातलं, दार ओढून घेतलं, आणि कोणी फिरकू नये म्हणून ललिताबाई स्वतः उंबऱ्याबाहेर पहाऱ्याला बसल्या.

शांतता. चार भिंती, एक तरुण, आणि आसपास कोणी नाही. ज्या गोष्टीसाठी निकितानं शाळा, शेत आणि एस.टी. पालथी घातली होती, ती या गावात फक्त एकाच कामासाठी मिळत होती, आणि तिच्या स्वतःच्या घरात मिळत होती.

तिनं फळीवरून कोरा फॉर्म काढला.

“हे पाहा, मला लग्न करायचं नाही. मी तुम्हांला चाळीस विधानं विचारू का? तुमची हरकत नसेल तरच.”

किशननं तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. “खरंच करायचं नाही?”

“नाही.”

“मले बी नाही,” तो म्हणाला, आणि पोत्यावर जवळजवळ कोसळलाच. “मामानं आणलं. इचारा तुमी.”

“अनोळखी माणसाशी बोलायला मला अवघड जात नाही.”

“अजिबात खरं नाही. आता बी पाय कापून राह्यले.”

“मनात नसलं तर मी समोरच्याला स्पष्ट नाही म्हणू शकतो.”

त्यानं बंद दाराकडे पाहिलं. “मले नाही म्हनता येत असतं, तं मी इथं असतो काय?”

एकोणसत्तर गुण. सापळ्यात एकदाही पाय नाही. दहावा वैध फॉर्म.

त्या संध्याकाळी निकितानं येरझारा थांबवल्या आणि वडिलांपुढं जाऊन उभी राहिली. “बाबा, मी विचार केला. स्थळं पाहायला माझी हरकत नाही. पण एकदोन पाहून निर्णय घेणं चूक आहे. नमुना मोठा पाहिजे.”

“किती मोठा?”

“अजून चाळीस. अठ्ठावीस तारखेच्या आत.”

शालिग्रामभाऊंनी ललिताबाईंकडे पाहिलं. ललिताबाईंनी फोन काढला. एम.एस्सी. झालेली मुलगी स्थळं पाहतेय ही बातमी मालेगाव तालुक्यात वणव्यासारखी गेली.

रोज चार, कधी तीन. साडेनऊचे, साडेअकराचे, तीनचे, साडेचारचे. साडेअकराचे लवकर आले की साडेनऊचे अजून ओट्यावर, आणि दोघंही एकमेकांचे मावसभाऊ निघायचे. तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंनी पोह्यांचं आख्खं पोतंच आणायला लावलं. सातव्या दिवशी त्या चुलीपुढून उठल्या आणि म्हणाल्या, “पोरी, मी तुह्या बापाले एकदाच पाह्यलं होतं, तेबी पाठमोरं. झाला न संसार?”

निकिता दार बंद झालं की आधी खरं सांगायची. नियम दोन: सहभागीची संमती. आईबापांना सांगायचा नियम पुस्तिकेत नव्हता; तिनं तीनदा शोधला. सापडला नाही याचं तिला बरं वाटायचं आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटायचं. बाहेर ललिताबाई कान देऊन असत. “पोरगी खोदून खोदून इचारते,” त्या बैठकीत येऊन सांगत, “पन लय नियमानं. थोडं खरं की बरंचसं खरं, असं इचारते. आपल्याले नाही सुचलं बाई असं.”

आणि पोरं खरं बोलत होती. लग्न नाही म्हटल्यावर त्यांचे खांदे खाली यायचे, शर्टाचं वरचं बटण उघडायचं. किन्हीराजाचा एक पहिलवान आला, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा. ‘मनातलं सांगता येईल असा एक तरी माणूस मला आहे,’ हे विधान ऐकून तो इतका वेळ गप्प बसला की ललिताबाईंनी कडी वाजवली.

“बैल चालते काय?” त्यानं शेवटी विचारलं.

“विधानात माणूस लिहिलं आहे,” निकिता म्हणाली.

“मंग अजिबात खरं नाही.”

तिनं त्या चौकोनात खूण केली. नियमानं तेवढंच करायचं होतं. पण त्या रात्रीच्या जेवणात तिनं भाकरीचे तुकडे नुसतेच मोडले.

अठ्ठावीस तारखेला ती पन्नास फॉर्म घेऊन वाशीमला गेली. फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता, ‘मुलाखतीचे ठिकाण व निमित्त’. निकितानं तो नऊ वेळा ‘माळा, हरभऱ्याची राखण’ असा आणि एक्केचाळीस वेळा ‘राहतं घर, मागची खोली, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम’ असा भरला होता. उज्ज्वला मॅडमनी चष्मा वर केला.

“हे सगळे तुला बघायला आले होते?”

“हो मॅडम.”

“एक्केचाळीस?”

“नऊ जण माळ्यावर होते.”

मॅडम फॉर्म उलटत राहिल्या. पहिलवानाच्या फॉर्मपाशी थांबल्या, पुढं गेल्या, पुन्हा मागं आल्या. “सरासरी चौऱ्याऐंशी,” त्या म्हणाल्या. “मुलींच्या फॉर्मांची एकशे चाळीस आली होती. मला तेव्हाच संशय आला होता.” त्यांनी पन्नासही फॉर्मांवर ‘वैध’ लिहिलं. “एक तारखेपासून तू कायम.”

हा आनंद मेडशीचा थांबा येईपर्यंत टिकला. एस.टी.तून उतरताना निकिताच्या लक्षात आलं की बारा दिवस आपण फक्त फॉर्म मोजले. त्या फॉर्मांना आया आहेत. एक्केचाळीस घरं निरोपाची वाट पाहत होती. एक्केचाळीस घरांना नाही म्हणायचं होतं, आणि ते तिनंच म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिग्रामभाऊ यादी घेऊनच बसले. “पाच तरी काढ याच्यातून.”

“बाबा, मला तुम्हांला काही सांगायचं आहे,” निकितानं सुरुवात केली, आणि फोन वाजला. किन्हीराजाहून. पोरगी चांगली आहे, पण उंचीनं कमी पडते.

शालिग्रामभाऊंनी यादीतलं एक नाव खोडलं. पुन्हा फोन. पोरगी जास्त शिकलेली आहे. पुन्हा फोन. पत्रिका जुळत नाही. दुपारपर्यंत एकोणीस नकार आले. मग निकिताच्या फोनवर पहिलवानाचा संदेश आला. ‘मॅडम कायजी नोका करू. तुमाले साऱ्याइले नाही म्हनाव लागन म्हनून आमीच नाही म्हनून राह्यलो. ग्रुप केला हाय. कारनं वाटून घेतले.’

निकितानं तो तीनदा वाचला. घरात तोंड उघडता येत नाही असं लिहून देणारी ही पोरं. प्रत्येकानं आज आपल्या घरी आईबापासमोर तोंड उघडलं होतं, तिच्यासाठी. तिनं आभाराचा संदेश लिहायला घेतला. तो पुढचा फोन येताच अर्धवट राहिला.

कारण कारणं संपत चालली होती. संध्याकाळपर्यंत उंची आठदा येऊन गेली होती. पोरगी चालताना पाय वाजवते. पोरगी हसत नाही. पोरगी नको तिथं हसते. पोरगी प्रश्न लय इचारते. मदत होतेय हे ठाऊक असूनही निकितानं दाराच्या चौकटीपाशी उभं राहून स्वतःला पुन्हा मोजलं. एकशे एकोणसाठ सेंटिमीटर. यात कमी काय आहे? जिल्ह्याची सरासरी कोणी पाहिली आहे का? सदतिसावा नकार ‘पोहे खारट होते’ असा आला तेव्हा पंचफुलाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. शेजारणी येऊन बसल्या, जसं कोणी गेल्यावर बसतात. चाळीस नकार, एका दिवसात. मेडशीत असं आधी झालेलं कोणाच्या आठवणीत नव्हतं. कायम नोकरीची बातमी निकितानं दोनदा सांगितली. बायांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. मामांचाही फोन आला. काउंटर अजून रिकामं आहे म्हणाले.

एक उरला होता, अनसिंगचा. त्याचा फोन सहाला आला. मामाचा नाही, बापाचा नाही. शालिग्रामभाऊंनी स्पीकर लावला.

“काका, मी किशन बोलून राह्यलो. तो एकशे त्रेसष्टचा कागद खोटा होता, त्याची माफी मांगतो.” आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “तुमच्या पोरीत काहीच कमी नाही. उंची बरोबर हाय. पोहे बी चांगले होते. पन मले आता लगन करायचं नाही, अन् ते मी तिले त्याच दिवशी सांगतलं. तिले तिचं काम करू द्या. माहा नकार हाय काका. वाईट वाटून नका घेऊ.”

फोन बंद झाला. पंचफुलाबाईंचं रडणं पोह्यांपाशीच थांबलं होतं. शालिग्रामभाऊंनी फोन खिशात टाकला. मग उठले, खुंटीवरचा दुपट्टा गळ्यात टाकला आणि मोटारसायकलची किल्ली घेतली.

“कुठं चालले?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“अनसिंगले.”

“बाबा, त्यानं नाही म्हटलं न!” निकिता म्हणाली.

“म्हनूनच तं! चाळीस जनानं नाही म्हटलं, असं कोनी म्हटलं काय? ज्याले इतकं चांगलं नाही म्हनता येते, त्याचं हो कसं असन! असं पोट्टं सोडाचं नाही.”

गाडीला किक बसली. निकिता अनवाणी रस्त्यापर्यंत धावली.

“बाबा! त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला नाही म्हटलंय! निदान उद्यापर्यंत तरी टिकू द्या!”

पण गाडी फाट्याकडे वळली होती, आणि मागच्या सीटवर, पदर खोचून, ललिताबाई बसल्या होत्या.